उसन्या यंत्रांवरचे गाणे

आमच्या बेळगावच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात काकांनी भरून ठेवलेल्या एकशे चाळीस कॅसेट आहेत. काका धारवाडला नोकरीत होते. तिथे भरलेल्या कॅसेटवर त्यांनी कन्नडात नावे घातली, बेळगावला बदली झाल्यावर भरलेल्यांवर मराठीत. आत गाणारी मंडळी बरीचशी तीच : मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई, भीमसेन, कुमार. काका गेले आणि ट्रंक माळ्यावर गेली. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत ती खाली उतरली, तेव्हा घरातल्या टू-इन-वनचा रबरी पट्टा विरघळून चिकट झाला होता, आणि तो दुरुस्त करणारा कारागीर केव्हाच धंदा बंद करून बसला होता.

मुलगा म्हणाला, “बाबा, तुमचा जुना कॉम्प्युटर पडूनच आहे ना? त्यालाच गायला लावू.”

मला हसू आले. ज्या यंत्रावर मी आयुष्यभर हिशेब आणि अर्ज टाईप केले, ते भीमसेनांचा षड्ज काय लावणार? पण मुलाला खोटे पाडण्याच्या इराद्याने मी वाचायला बसलो आणि स्वतःच खोटा पडलो. सामान्य माणसाच्या घरात गाणे पोचवणारी बहुतेक यंत्रे मुळात दुसऱ्याच कामासाठी जन्मली होती. संगीताने ती उसनी घेतली, आणि परत केली नाहीत. ही उसनवारीची कथा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

टॉमस एडिसनने फोनोग्राफ तयार केला तो १८७७ साली. पुढच्या वर्षी त्याने या यंत्राच्या उपयोगांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत पहिला मान पत्रे तोंडी सांगून उतरवून घेण्याला होता. संगीतही होते, पण खाली. एडिसनच्या डोळ्यांसमोर गवई नव्हता, कचेरीतला साहेब होता. १८८७ मध्ये एमिल बर्लिनरने ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्याच्या सपाट तबकडीमुळे एका साच्यावरून हव्या तितक्या प्रती छापता येऊ लागल्या आणि यंत्राची वाट बदलली.

१९०२ च्या अखेरीस लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेस्बर्ग कलकत्त्यात उतरला आणि त्याने गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव पुकारी. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना गाणारी कोण हे कळावे म्हणून ही सोय, असे सांगतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर फुलणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा, म्हणजे भाताची परात वाटीत ओतण्यासारखेच.

तरीही त्या वाटीने आमच्या मुलखाला पोसले. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ, त्यांचे कुंदगोळचे शिष्य सवाई गंधर्व, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या हुबळीच्या गंगूबाई हनगल व गदगचे भीमसेन जोशी, ही परंपरा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही अंगणांतून वाढली. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची रेकॉर्ड लहानपणी कानी पडली आणि तिने वेड लावले, हे भीमसेन स्वतः सांगत. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. त्या काळी स्वतःच्या घरी ग्रामोफोन असणे ही श्रीमंती होती. बाकीच्यांनी गाणे ऐकायचे ते दुसऱ्याच्या ओसरीवर, नाहीतर हॉटेलच्या बाकावर.

ही श्रीमंती मोडली ती कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती मांडली, तेव्हा तिचा मुख्य उपयोग बोलणे टिपून घेण्याचा मानला होता. म्हणजे पुन्हा एडिसनचा साहेबच! तिची फीत अरुंद, चालही मंद. पण ती स्वस्त होती, आणि मुख्य म्हणजे ती घरी भरता येत होती. १९५० साली सुरू झालेल्या धारवाड आकाशवाणीवरचे गायन रात्री टिपून घ्यायचे आणि महिनाभर ऐकायचे, हे माझ्या काकांसारख्या कारकुनाला साधले ते या डबीमुळे.

इथवर आवाजाची नक्कल आवाजासारखीच होती : तबकडीवर खाच, फितीवर चुंबकाची कमीअधिक ओढ. आवाजाचे आकडे करण्याची कल्पना निघाली ती टेलिफोनवाल्यांच्या डोक्यातून. अलेक रीव्हज हा इंग्रज अभियंता पॅरिसमध्ये काम करत होता. लांबच्या तारेवर बोलण्यात खरखर मिसळते, ती टाळावी कशी, हा त्याचा प्रश्न. १९३७ साली त्याला उत्तर सुचले : आवाज पाठवूच नये. तो सेकंदाला हजारो वेळा मोजावा आणि नुसती मापे पाठवावीत. आकडा पोचला की पोचला. खरखरीने पाचाचे सहा होत नाहीत.

वाचक विचारतील, मापामापांच्या मधला आवाज गेला कुठे? घरच्या रांगोळीकडे पाहावे. ठिपके विरळ असले तर त्यांच्यातून कशीही रेघ ओढता येते. ठिपके पुरेसे दाट असले तर रेघ एकच निघते. आवाजातल्या सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले तर मूळ लहर नेमकी परत मिळते, हे क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध केले. माणसाच्या कानाची वरची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांची. म्हणजे ४०,००० हून थोडी जास्त मापे पुरतात.

पण सीडीवरचा आकडा आहे नेमका ४४,१००. हा अडनिडा आकडा आला कुठून? तर व्हिडिओ रेकॉर्डरमधून. सत्तरच्या दशकात आकड्यांचा एवढा लोंढा साठवू शकेल असे आटोक्यातल्या किमतीचे यंत्र म्हणजे चित्रफितीचे. तेव्हा चित्राच्या प्रत्येक रेषेत आवाजाची तीन मापे दडवायची ठरली. कामाच्या रेषा २४५ आणि सेकंदाला ६० वेळा, म्हणजे ३ × २४५ × ६०. युरोपातल्या पद्धतीत ३ × २९४ × ५०. दोन्ही गुणाकार करून पाहा. उत्तर ४४,१०० येते. १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर आला, किंमत १,६८,००० येन. त्याच्या पोटातला आकडा मात्र दूरचित्रवाणीच्या घरून उसना आणलेला होता.

आता आमच्या कॉम्प्युटरकडे वळू. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे दोन बाजूंचे मिळून सेकंदाला १,७६,४०० बाईट. १९९० च्या सुमारास घरगुती कॉम्प्युटरमध्ये सर्रास असे ती हार्ड डिस्क चाळीस मेगाबाईटची. मी कागदावर भागाकार केला आणि चकित झालो. उत्तर येते पावणेचार मिनिटे! अख्खे यंत्र रिकामे करून गाणे भरले, तरी मावणार गौहरजानच्या तबकडीहून थोडेसेच जास्त. अठ्ठ्याऐंशी वर्षांनी आपण पुन्हा त्याच वाटीपाशी आलो होतो.

तिथून पुढची वाटही उसनवारीचीच. कॉम्प्युटरला आवाज मिळाला तो खेळांसाठी. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ कार्ड १९८९ मध्ये आले ते खेळांतल्या बंदुका वाजवायला. सीडीच्या तोलाची मापे हाताळणारे कार्ड त्याच कंपनीने १९९२ मध्ये काढले. जागेची अडचण सोडवली जर्मनीतल्या एरलांगेनच्या संशोधकांनी. टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवता यावे म्हणून कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी खटपट करत होते. मोठ्या आवाजाच्या सावलीतला बारीक आवाज कानाला कळत नाही, मग तो गाळला तर? त्यातून एमपी थ्री निघाले. १९९५ मध्ये त्याला ते नाव मिळाले. सर्रास वापरल्या गेलेल्या मापात गाणे मूळच्या एक अकरांश जागेत बसू लागले. चालू गाण्याला ते चालून गेले. पण फार आवळलेल्या एमपी थ्रीत तानपुऱ्याच्या जवारीची झिलई उतरते, हे कान असलेल्याला सांगावे लागत नाही.

२००१ साली जॉश कोल्सन या प्रोग्रामरने ‘फ्लॅक’ ही पद्धत सर्वांना फुकट खुली केली. तीत काहीच गाळले जात नाही. कपडे नीट घडी घालून पेटीत ठेवावेत तसे आकडे ठेवले जातात आणि उघडताच एकूण एक परत मिळतात. जागा मूळच्या निम्म्याच्या आसपास लागते. तोवर हार्ड डिस्क गावच्या तळ्याएवढ्या झाल्या होत्या आणि सुट्या भागांतून कॉम्प्युटर जुळवणे ही गल्लीबोळातली विद्या झाली होती. आमच्याकडचा जुळवणारा रात्रीच्या गाडीने मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाई किंवा बंगळूरला एस. पी. रोडला. ज्याची जी भाषा चांगली, त्याचा तो बाजार.

अडचण उरली एकच, आकड्यांचा पुन्हा आवाज करण्याची. १९९७ पासून आवाजाची सोय मदरबोर्डवरच स्वस्तात येऊ लागली. पण तिथल्या बऱ्याचशा चिप ४८,००० च्याच मापाने चालत, म्हणून सीडीचे ४४,१०० घाईघाईने बदलून घेत. शिवाय पेटीच्या आत पंखा, डिस्क, वीजपुरवठा यांचा विजेचा गोंगाट, आणि नाजूक आवाज त्याच गोंगाटात जन्मणार. यावर उपाय साधा निघाला : हे काम पेटीबाहेर काढावे. यूएसबीच्या तारेने आकडे बाहेर न्यावेत आणि वेगळ्या डबीत त्यांचा आवाज करावा. अशा डबीला ‘डॅक’ म्हणतात. २०१२ साली इंग्लंडात केंब्रिजला तयार झालेला रास्पबेरी पाय हा हाताच्या पंजाएवढा कॉम्प्युटर ३५ डॉलरला निघाला, शाळकरी मुलांनी प्रोग्रामिंग शिकावे म्हणून. त्याचा स्वतःचा आवाज सामान्य होता. शौकिनांनी त्याच्या पिनांवर डॅकची चिमुकली पाटी बसवली आणि शाळेची पाटी गवयाच्या बैठकीत आणून ठेवली.

आम्ही इतके दूर गेलो नाही. घरातलाच कॉम्प्युटर घेतला. घरघरणारी डिस्क काढून फिरता भाग नसलेली एसएसडी बसवली, जुना पंखा बदलून मोठा, सावकाश फिरणारा घातला आणि फुकट मिळणारे लिनक्स चढवले. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज, अशी दोन्ही कामे करणारी एक यूएसबी डबी विकत आणली. स्पीकर जुनेच. पहिल्या दिवशी गाण्यामागे पन्नास सायकलचा गुंईं असा भुंगा घुमत राहिला. कॉम्प्युटर एका प्लगवर आणि अँप्लिफायर दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर, अर्थिंगचे दोन रस्ते झालेले. दोन्ही एकाच बोर्डावर आणले तसा भुंगा उडाला. सगळा खर्च आठ हजारांच्या आत झाला. लोक यात महागड्या तारा घालतात. माझा अनुभव असा की आधी पंखा शांत करावा, मग डॅक घ्यावा, आणि उरलेले सगळे पैसे स्पीकरवर घालावेत.

कॅसेट वाजवायला डेक हवा होता. तो मुलाच्या तबल्याच्या गुरुजींनी दिला, महिन्याच्या बोलीने, उसना. प्रत्येक कॅसेटला हेड पुसायचे आणि हेडचा कोन बारीक स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून तानपुरा सर्वांत स्वच्छ लागेल तिथे थांबायचे. मग चोवीस बिटांत भरून फ्लॅक करायचे आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवायचे, एक घरी, एक बहिणीकडे. हेडचा कोन ठरवणे माझ्याकडे, बाकी सगळे मुलाकडे.

एकशे चाळीसपैकी एकोणीस कॅसेट गेल्याच. फीत आतल्या आत चिकटली होती. काही गाणी बाजारात याहून चांगल्या रूपात मिळतात, ती गेल्याचे दुःख नाही. पण त्रेचाळीस नंबरच्या कॅसेटवर नाव नव्हते. लावली, तर आधी भांड्यांचा आवाज, मग काकांचे कुजबुजणे आणि मग आज्जी. तिचे माहेर गोकाककडचे. ती सकाळी कन्नड दासरपदे म्हणे, आणि सासरी शिकलेल्या जात्यावरच्या मराठी ओव्या दुपारी. काकांनी १९८४ साली तिला न सांगता दोन्ही टिपले होते. एका पदाच्या मध्येच ती थांबते आणि कन्नडात विचारते, कोण आहे तिकडे? उत्तर काका मराठीत देतात.

हे कुठल्याही कंपनीच्या यादीत नाही, कुठल्याही दुकानात मिळणार नाही. सीमेवरच्या घराघरांत माळ्यावर अशा ट्रंका आहेत. त्यांतल्या फिती वर्षागणिक चिकटत चालल्या आहेत, आणि त्या वाजवणारे डेक त्यांच्याहून लवकर संपत आहेत. अडगळीतला कॉम्प्युटर मात्र जवळपास प्रत्येक घरी आहे. तो हिशेबासाठी आणलेला असेना का. एडिसनच्या यंत्राचे काय झाले ते आपण पाहिलेच.

गुरुजींचा डेक अजून आमच्याकडेच आहे. परवा त्यांना म्हटले, आता आणून देतो. ते म्हणाले, “राहू दे. शेजारच्यांचीही एक ट्रंक आहे.”