दरडग्रस्तांचे मदतकार्य (पाचगणी व सातारा डोंगरी भाग)

पाचगणी-महाबळेश्वरच्या पठारावर जांभ्या खडकाचे कवच आहे, तर खालच्या उतारांवर झिजलेल्या बेसाल्टची माती. मुसळधार पावसात पाणी मुरून ही माती जड होते, तिची पकड सुटते. अनेकदा आधी जमिनीला भेगा पडतात.

२२-२३ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिमी पाऊस झाला. त्या सुमारास वाई तालुक्यात देवरुखवाडी, तर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे घरांवर दरडी कोसळल्या. रस्ते तुटल्याने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला आंबेघर गाठणेच अवघड गेले. २६ जुलैला खराब हवामानामुळे मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर कोयनानगरला उतरू शकले नाही. पायवाटेवरच्या वाड्यांची स्थिती यावरून समजावी. विस्थापितांना कोयनानगरच्या शाळेत आसरा मिळाला. मृतांच्या वारसांना राज्याने ५ लाख, केंद्राने २ लाख रुपये जाहीर केले.

धान्य, कपडे, चादरी लवकर पोहोचतात. अडते ते कायमच्या पुनर्वसनापाशी. सुरक्षित सपाट जागा मोजक्या, भोवती अभयारण्याचे निर्बंध, शेत मात्र जुन्या उतारावरच. शिवाय कोयना खोऱ्यातील अनेक कुटुंबे धरणापायी पूर्वीच एकदा उठलेली आहेत.