चोवीस इंच कशाचे?

आजचा भाग सायकलच्या मापाबद्दल आहे. ‘पंचवीस-तीस हजारांत रोड बाइक घ्यायचीय, चोपन्न घेऊ की छप्पन?’ असं मला कुणी ना कुणी विचारत असतं. त्याचं उत्तर द्यायला मला आधी दीडशे वर्षं मागे जावं लागतं. थोडं थांबा, शेवटी टेपनं मोजायचंच आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून. मी पहिली रोड बाइक घेतली ती वापरलेली, कारण खिशात तेवढेच पैसे होते. विकणारा म्हणाला, ‘छप्पन आहे, पण सीट खाली केली की चालून जाईल.’ माझी उंची पाच फूट सहा इंच. सीट खाली केली, बिबवेवाडीतून निघालो, आणि कात्रजचा जुना बोगदा येईपर्यंत बोटांना मुंग्या आल्या. महिनाभरात मान धरली. शेवटी तोटा सोसून विकली. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, ‘आम्ही आख्खं कॉलेज चोवीस इंचीवर काढलं. आमचे नाही हात बधिर झाले.’

मी हिशोब केला. चोवीस इंच म्हणजे ६१ सेंटिमीटर. माझी सायकल ५६. म्हणजे बाबांची सायकल माझ्यापेक्षा मोठी, बाबा माझ्यापेक्षा बुटके, आणि दुखलं मात्र मला. असं कसं? आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे.

चला १८७० च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये. पुढचं चाक प्रचंड, मागचं चिमुकलं, अशी ती उंच सायकल तुम्ही चित्रात पाहिली असेल. तिला चेन नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाला. चाक जितकं मोठं, तितकं एका फेरीत जास्त अंतर, म्हणून ज्याला त्याला मोठं चाक हवं. पण पाय पायडलपर्यंत पोचले पाहिजेत ना! त्यामुळे मापाचा आकडा म्हणजे चाकाचा व्यास, आणि तो ठरायचा पायाच्या आतल्या लांबीवरून. ५० इंची, ५२ इंची, ५४ इंची. दुकानदाराला तुमचं माप काढावंच लागायचं. धोका एवढाच, की खड्डा आला की माणूस हँडलवरून डोक्यावर.

या उंच सायकली बनवणारं मोठं नाव म्हणजे कॉव्हेंट्रीचे जेम्स स्टार्ली. आपल्याकडे काका-पुतण्या म्हटलं की भांडण आठवतं, पण इथे पुतण्यानं काकाचं काम पुढे नेलं. जॉन केम्प स्टार्लीनं १८८५ मध्ये ‘रोव्हर’ आणली. दोन जवळजवळ सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, आणि सायकलचा आजचा साचा ठरून गेला.

आता चेनमुळे वेग दातांच्या चक्रावर ठरू लागला. चाक सगळ्यांना सारखं चालायला लागलं. मग माप कशाचं सांगायचं? सीटखालच्या उभ्या नळीचं. पायडलच्या आसापासून नळीच्या वरच्या टोकापर्यंत. बाबांच्या सायकलचे चोवीस इंच ते हेच. आज लहान मुलांच्या सायकलवर ‘२४ इंची’ लिहिलेलं असतं, ते मात्र चाकाचं माप. आकडा तोच, मोजलेली वस्तू वेगळी. आमच्या कामात युनिट न लिहिता आकडा पाठवला तर शिव्या पडतात. सायकलीत हे राजरोस चालतं.

स्वातंत्र्यानंतर देशात कारखाने उभे राहिले. मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स, सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलस, लुधियानाला १९५६ मध्ये हीरो. यांची काळी, जड, दांडीवाली सायकल ब्रिटिश वळणाची. मापं मुख्यतः दोन, बावीस आणि चोवीस. निवड पायावरून कमी आणि घरावरून जास्त व्हायची, कारण घरात सायकल एकच. तिच्यावर आजोबा, बाबा, काका सगळे. पोरं दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकायची. कपडे जसे वाढत्या अंगाचे घ्यायचे, तशी सायकलही वाढत्या अंगाची. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते याच काळ्या सायकलींच्या जोरावर. जुन्या सायकली जवळून बघायच्या असतील तर कर्वेनगरला विक्रम पेंडसेंचं सायकल संग्रहालय आहे, जरूर जा.

मग बाबांचे हात का दुखले नाहीत? त्या सायकलचं हँडल बघा. ते मागे वळून तुमच्याकडे येतं. माणूस ताठ बसतो, वजन सीटवर, हातावर जवळजवळ नाहीच. फ्रेम मोठी असली तरी अडचण फक्त चढता-उतरताना, आणि पाय पोचले की झालं. रोड बाइकचं हँडल पुढे जातं. तिथे पायाबरोबर धड आणि हातही मोजावे लागतात. मी सीट खाली करून पायांचा प्रश्न सोडवला होता, पण हँडल होतं तितकंच लांब. ‘चालून जाईल’ हे वाक्य काळ्या सायकलीच्या जमान्यातलं. तेव्हा ते खरंही होतं. रोड बाइकला ते लागू नाही.

रेसवाल्यांनी हे मोजायला घेतलं. फ्रेंच प्रशिक्षक सिरील गिमार यांची पद्धत त्यांचा अमेरिकन शिष्य ग्रेग लेमाँड यानं १९८० च्या दशकात जगभर नेली. पायाच्या आतली लांबी गुणिले ०.८८३ म्हणजे पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. आणि गुणिले ०.६५ म्हणजे साधारण फ्रेमचं माप. माझा पाय ७७ सेंटिमीटर. सीट ६८ वर, फ्रेम ५० च्या आसपास. आणि मी घेतली होती ५६!

पण हा ०.६५ आडवी दांडी सपाट असण्याच्या काळातला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात माइक बरोज या ब्रिटिश डिझायनरनं जायंट कंपनीसाठी उतरत्या दांडीची टीसीआर बनवली. फ्रेम छोटी, सीटपोस्ट लांब, आणि मोजक्याच मापांत बरेचसे लोक बसू लागले. कंपनीला स्वस्त, दुकानाला सोयीचं. उभी नळी आखूड झाल्यावर जुना आकडा निरर्थक झाला. तरी सवयीनं ५२, ५४ लिहितातच, किंवा एस, एम, एल. एका कंपनीची चोपन्न दुसऱ्या कंपनीच्या बावन्नएवढी निघू शकते. म्हणून आता दोन आकडे बघतात, स्टॅक आणि रीच. पायडलच्या आसापासून हँडलची नळी किती वर, आणि किती पुढे. मला जे दुखलं, ते या रीचमध्ये दडलेलं होतं.

आता टेप काढा. भिंतीला पाठ, पाय अनवाणी. एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखं घट्ट वर ओढा, कडेवर पेन्सिलीनं खूण करा, जमिनीपासून मोजा. तीनदा मोजा. मग कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा जॉमेट्रीचा तक्ता उघडा. मित्राची एखादी सायकल बसत असेल तर तिचा स्टॅक-रीच लिहून घ्या आणि त्याच्याशी ताडून बघा. वापरलेली घेत असाल तर विकणाऱ्याला फोटोच्या आधी मॉडेल, वर्ष आणि माप विचारा. दुकानात दांडीवर दोन्ही पाय टेकवून उभे राहा. दांडी आणि तुमच्यात दोन बोटं तरी जागा हवी. आणि दहा मिनिटं चालवल्याशिवाय पैसे देऊ नका.

बजेट कमी असेल तर मापाला जास्तच महत्त्व द्या. गिअर, चाकं, ब्रेक पुढच्या पगारात बदलता येतात. सीट वर-खाली होते, स्टेम एक-दोन सेंटिमीटरनं बदलतो. फ्रेम बदलायची म्हणजे सायकलच बदलायची. मला ते गणित महागात पडलं.

नंतर मी साधे गिअर असलेली, जुनी, पण माझ्या मापाची सायकल घेतली. पहिल्या रविवारी बोगद्यापर्यंत जाऊन आलो. घरी आल्यावर बाबांनी हँडल धरून बघितलं, एक पाय टाकला आणि उतरले. म्हणाले, ‘मला नाही बसत ही.’ बसणारच नाही, त्यांचे हात आखूड आहेत. आता त्यांचं माप घ्यायचंय.

तोपर्यंत तुम्ही तुमचं घेऊन ठेवा. भेटू पुढच्या भागात.