दुसरे मत : भंडारा, १९५४

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीविषयी लिहिताना आपल्याकडे एक चित्र हमखास रंगवले जाते : एकवीस वर्षांचा मजूर आणि त्याचा मालक एकाच रांगेत उभे. भंडारा जिल्ह्यात हे चित्र अक्षरशः खरे होते. तेथून निवडून आलेले चतुर्भुज जसानी हे विडीउद्योगातील ‘मूलजी सिक्का’ पेढीचे भागीदार. मतदारांत तेंदूपत्त्यावर विड्या वळणारी तरुण मुलेमुली.

ही निवडणूक टिकली नाही. सैनिकांसाठी सरकारला विड्या पुरवण्याचा या पेढीचा करार होता, म्हणून जसानी अपात्र ठरले. त्याच खटल्यातील दुसरा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळचा वाटेल. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांचा अर्ज नाकारला गेला होता. कारण ते महानुभाव झाले होते, तेव्हा महार राहिले नाहीत! लीळाचरित्र वाचणाऱ्या आम्हांला हा युक्तिवाद विलक्षण वाटतो. पंथ स्वीकारल्याने जात सुटत नाही, असा निर्वाळा फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि संपूर्ण निवडणूक रद्द झाली.

मे महिन्यातील पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी डॉ. आंबेडकर उभे राहिले, सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता. मतदारसंघ द्विसदस्यीय; प्रत्येकाला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. दुसरे मत कुजवले तर बाबासाहेबांचा विजय सोपा होईल, असा हिशेब कार्यकर्त्यांनी मांडला. बाबासाहेबांनी तो मान्य केला नाही, असे त्या काळच्या आठवणींत येते. मुंबईत १९५२ साली मते कुजवण्याच्या आवाहनाविरुद्ध त्यांनी व मेहतांनीच दाद मागितली होती, हे ध्यानात घेतले की या नकाराचे वजन कळते.

मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले.

या प्रसंगाकडे केवळ तत्त्वनिष्ठेची कथा म्हणून पाहणे आम्हांला अपुरे वाटते. नागरिकत्वाची शिस्त पाळण्याची अपेक्षा येथे कोणाकडून होती? नुकतेच एकविसावे वर्ष ओलांडलेल्या, बहुधा निरक्षर, रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या तरुणाकडून. आपली दुसरी मतपत्रिका वरच्या जातीच्या उमेदवाराच्या पेटीत टाकताना, पलीकडच्या वस्तीतून तसेच मत परत येईल याची त्याला काहीच हमी नव्हती. राखीव जागेचा निकाल मात्र त्या वस्तीच्याही मतांवर ठरायचा.

द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. मतदानाचे वय अठरा व्हायला १९८९ उजाडले.