सिटगोचा फलक : जाहिरात, वारसा आणि मालकी

अमेरिकेतील बोस्टन शहराच्या केनमोर चौकात, एका इमारतीच्या छतावर, सिटीज सर्व्हिस या तेलकंपनीने १९४० साली आपला प्रकाशफलक उभारला. कंपनीने सिटगो हे व्यापारी नाव घेतल्यावर १९६५ मध्ये तेथे लाल त्रिकोणाचे चिन्ह असलेला, साठ फूट उंच व तितकाच रुंद निऑनचा फलक आला. पेट्रोलचा खप वाढविणे एवढाच त्याचा हेतू होता. शहराला खूण द्यावी असे कोणाच्या मनात असण्याचे कारण नाही.

त्याला लौकिक दिला तो जागेने. जवळच्या फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानात डावीकडील उंच भिंतीच्या वर हा फलक प्रेक्षकांना सतत दिसे. बोस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंना तो दुरूनच दिसू लागतो. त्याच्यापाशी पोहोचल्यावर अंतिम रेषा साधारण एक मैलावर उरते. दमलेल्या धावपटूच्या लेखी तेथे तेलाचा संबंध राहत नाही.

ही आपुलकी किती खोल आहे, हे मात्र फलक विझल्यावर कळले. ऊर्जाबचतीचे प्रतीक म्हणून १९७९ मध्ये गव्हर्नर एडवर्ड किंग यांच्या सांगण्यावरून दिवे बंद झाले. पुढे कंपनीने फलक उतरविण्याचे ठरविले, तेव्हा नागरिकांनी विरोध केला, शहराच्या वारसा आयोगाने काम थांबविले आणि ऑगस्ट १९८३ मध्ये तो पुन्हा उजळला. अधिकृत दर्जा मात्र मिळाला नाही.

१९९० पासून सिटगोची संपूर्ण मालकी व्हेनेझुएलाच्या सरकारी तेलकंपनीकडे होती. अध्यक्ष चावेझ यांनी २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात बुश यांच्यावर केलेल्या टीकेनंतर एका नगरसेवकाने फलक काढण्याची मागणी केली. ती तडीस गेली नाही. रोष मालकावर होता. फलक, बहुधा, शहराचाच मानला गेला होता.

तत्पूर्वीच, २००५ मध्ये, निऑनच्या नळ्या जाऊन एलईडी दिवे आले होते. म्हणजे जतन करावयाचे ते मूळ द्रव्य नव्हे, तर आकार, स्थान व दर्शन. वास्तूंसाठी घडविलेल्या वारसाकायद्याला हा प्रश्न अवघडच. इमारत विद्यापीठाकडून विकासकाकडे जाऊ लागताच दर्जाची मागणी पुन्हा पुढे आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये आयोगाने तो मंजूर केला. त्याच महिन्यात महापौर मार्टिन वॉल्श यांनी तो निर्णय नाकारला. फलक राखण्याविषयी कंपनी व इमारतमालक यांच्यात समझोता झाला आहे, हे त्यांचे कारण होते. आयोगाने ज्याला सार्वजनिक वारसा ठरविले होते, त्याचे रक्षण अशा रीतीने दोन खासगी पक्षांतील करारावर सोपविले गेले.