कावळा व रॅव्हन : शारीरिक भेद

कावळे व रॅव्हन हे पक्षी कॉर्व्हिडी कुलातील कॉर्व्हस या एकाच प्रजातीत मोडतात. म्हणून त्यांच्यातील भेद एका खुणेवर नव्हे, तर अनेक खुणांच्या मेळावर ठरवावा लागतो. आकारमान हा पहिला आधार वाटतो : गावकावळा सु. ४० सेंमी. लांब, तर रॅव्हन (कॉर्व्हस कोरॅक्स) सामान्यतः ६० सेंमी.च्या आसपास किंवा त्याहून मोठा असतो. राखाडी मानेमुळे गावकावळा सहज ओळखू येतो. खरा घोटाळा होतो तो संपूर्ण काळ्या डोमकावळ्याशी. हिमालयातील डोमकावळे चांगले मोठे व जाड चोचीचे असतात. शिवाय एकट्या पक्ष्याचे आकारमान दुरून अजमावणे अवघड. तेव्हा शेपटी पाहावी. मधली पिसे लांब असल्याने रॅव्हनची शेपटी उडताना पाचरीसारखी दिसते; डोमकावळ्याची त्यामानाने गोलसर असते.

पिसे गळण्याच्या काळात शेपटीचा आकार बिघडतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तेव्हाही गळ्यावरील लांब, टोकदार पिसांची दाढी आणि लांब, निमुळते पंख रॅव्हनची साक्ष देतात. भारतात रॅव्हन वायव्येकडील रुक्ष प्रदेशात व उंच हिमालयात आढळतो. त्यामुळे महाराष्ट्रात दिसणारा मोठा, काळाभोर कावळा डोमकावळाच समजणे युक्त ठरते.