कळसूबाई: अट मोडली म्हणून निघून गेलेल्या पोरीचा डोंगर

पाऊस सुरू झाला की सगळ्यांच्या फोनवर तेच रील येतं. ढग, लोखंडी शिड्या, माथ्यावरचं चिमुकलं देऊळ. बरोबर, कळसूबाई! उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून सकाळी निघालं की साधारण तीन तासांत माथा, संध्याकाळपर्यंत परत खाली. सुट्टीच्या एका दिवसात बसणारा ट्रेक.

पण आज मला बोलायचंय ते तिच्या नावाबद्दल.

आपल्याकडे डोंगराचा इतिहास म्हणजे किल्ल्याचा इतिहास. साल्हेर घ्या. १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि १६७२ ची मराठे-मोगलांची लढाई. कळसूबाईवरून दिसणारे अलंग, मदन, कुलंग हेही किल्लेच. खुद्द कळसूबाईवर मात्र तट नाही, बुरूज नाही. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात ती फारशी भेटत नाही.

मग हे नाव कुणाचं? १८८४ साली छापलेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये इथली लोककथा नोंदवलीय. कळसू नावाची कोळ्याची पोर, रानात हिंडायची भारी आवड. पायथ्याच्या गावात एका घरी ती कामाला राहिली. पण आधीच अट घातली: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. एक दिवस घरातल्या कुणीतरी नेमकी तीच कामं सांगितली. तिनं ती केली. मग उठली, डोंगर चढून गेली आणि मरेपर्यंत तिथंच राहिली.

तुम्ही म्हणाल, ही तर दंतकथा, यात इतिहास कुठाय? मान्य. साल नाही, शिलालेख नाही, ती खरंच होऊन गेली का तेही सांगता येत नाही. पण लोकांनी काय लक्षात ठेवलं, हाही इतिहासच असतो. दोन राजांमधला तह मोडला तर बखरीत येतो. घरकामाला ठेवलेल्या पोरीला दिलेला शब्द मोडला तर कोण लिहिणार? इथल्या माणसांनी लिहिलं नाही. त्यांनी तिला देवी मानलं आणि सगळ्यात उंच डोंगराला तिचं नाव दिलं. नवरात्रात आजही आसपासच्या गावांतल्या बाया पूजेचं ताट घेऊन चढून येतात.

आता रविवारचा माथा डोळ्यांसमोर आणा. चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, फाटके रेनकोट. केर काढायला लावला म्हणून जी घर सोडून गेली, तिच्याच दारात आपण केर टाकून येतो. आणि तो उचलतं कोण? बऱ्याचदा पायथ्याच्या गावातलीच पोरं. म्हणजे काम पुन्हा त्याच घरांकडे!

म्हणून एवढंच सांगेन. सॅकमध्ये एक रिकामी पिशवी टाका, आपला कचरा आपणच खाली आणा. वाटेत सरबत देणाऱ्या मावशींना या डोंगराची गोष्ट विचारा, कदाचित वेगळीच ऐकायला मिळेल. कळसूची अट साधी होती. निदान आपल्या हातून ती मोडायला नको.

भेटू पुढच्या भागात. तोवर जपून चढा, जपून उतरा!