प्रपंचांतला व्यायाम

महाराष्ट्रांतील व्यायामाचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे तो बहुधा तालमीचाच इतिहास होऊन बसतो. लाल मातीचा हौदा, कोनाड्यांतला मारुति, जोर-बैठका, मल्लखांब, लेजीम आणि या सर्वांच्या मध्यभागीं विशीच्या आंतबाहेरचा एक तरुण, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. हा तरुण अविवाहित असावा, त्याला दूध-तूप मिळावें, आणि घरच्या काळज्यांचें ओझें दुसऱ्या कोणाच्या तरी शिरावर असावें, हें त्या चित्रांत न सांगतां गृहीत धरलेलें असे. लग्न झालें, नोकरी लागली, पाळणा हलूं लागला, कीं लंगोट खुंटीवर जाई. पुढें चाळिशीच्या सुमारास पोट सुटलें, जिना चढतांना धाप लागूं लागली, म्हणजे तोच गृहस्थ शेजाऱ्याला सांगे, ‘‘आम्हीहि एके काळीं दोनदोनशें जोर काढीत होतों!’’ व्यायाम हा अशा रीतीनें भूतकाळाच्या खात्यावर जमा होत असे.

वास्तविक पाहतां ज्याच्या शरीरावर चारपांच माणसांचा संसार उभा, त्यानें तें शरीर सर्वांत अधिक जपावयास हवें. परंतु घडतें तें नेमकें उलट. मुलाला तालमींत घालणारा बाप स्वतः तालमीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतो. याचें कारण केवळ आळस म्हणतां येणार नाहीं. जो दिवसभर नांगर धरतो किंवा होडी वल्हवतो त्याला व्यायामाची निराळी वेळ काढावी लागत नाहीं. ही अडचण उत्पन्न झाली ती एकोणिसाव्या शतकांत शाळा, कचेऱ्या आणि कोर्टें यांनीं जो बैठ्या कामाचा वर्ग निर्माण केला त्याच्यापुढें. त्याचें अंग दिवसभर खुर्चींत अडकलेलें आणि मन घरच्या विवंचनेंत. अशा माणसानें व्यायाम करावा तो केव्हां, कोठें आणि कोणाबरोबर? या प्रश्नाला महाराष्ट्रांतील तीन गृहस्थांनीं आपापल्या आयुष्यानें तीन उत्तरें दिलीं आहेत.

पहिलें उत्तर धोंडो केशव कर्वे यांचें. १९०० सालीं त्यांनीं आपला अनाथ बालिकाश्रम पुणें शहरांतून हिंगण्याच्या माळावर नेला, तेव्हां त्यांचें वय बेचाळीस वर्षांचें होतें. फर्गसन कॉलेजांत गणित शिकवावें आणि मग आश्रमासाठीं चार मैलांच्या सुमाराची वाट पायीं तुडवावी, हा त्यांचा क्रम होता. पावसाळ्यांत त्या वाटेवर चिखल असे, डोक्यावर सामानाचें ओझेंहि असे. कर्व्यांनीं याला व्यायाम म्हटलें नाहीं. तें आश्रमाचें काम होतें, आणि काम चुकवितां येत नव्हतें म्हणून चालणेंहि चुकलें नाहीं. १९२९ सालीं, सत्तरीचे होऊनहि, ते परदेशच्या प्रवासाला निघाले, आणि १९६२ सालीं वारले तेव्हां त्यांनीं वयाचीं एकशें चार वर्षें पुरीं केलीं होतीं. हें सारें चालण्याचेंच फळ असें म्हणणें धाडसाचें होईल. तरीपण जो व्यायाम कर्तव्याच्या पाठीवर बसून येतो त्याला आळसाची भीति नसते, एवढें त्यावरून खास दिसतें.

परंतु प्रत्येकाच्या वाट्याला हिंगण्याचा माळ येत नाहीं. ज्याचें काम चार भिंतींच्या आंत, त्यानें काय करावें? याचें उत्तर एका संस्थानिकाच्या घरांतून आलें, ही गोष्ट थोडी नवलाची आहे. साताऱ्याच्या बाजूचें औंध हें लहानसें संस्थान. त्याचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचा जन्म १८६८ सालचा. चित्रकला आणि कीर्तन यांची त्यांना मोठी आवड होती. व्यायामाचीहि हौस होतीच. त्या काळीं युजेन सँडो या जर्मन मल्लाचें नांव जगभर गाजत होतें. त्याच्या पीळदार देहाचीं छायाचित्रें, डंबेल्स आणि स्प्रिंगांचीं उपकरणें हिंदुस्थानांतहि येऊन पोंचलीं होतीं, आणि पुढें १९०४-०५ च्या सुमारास तो स्वतःहि येथें दौरा करून गेला. बाळासाहेबांनीं १८९७ सालीं सँडोचीं पुस्तकें आणि उपकरणें मागविलीं आणि दहा वर्षें तो व्यायाम नेमानें केला.

मग १९०८ साल उजाडलें. बाळासाहेब चाळिशीला आले होते. मिरजेचे अधिपति गंगाधरराव पटवर्धन यांचें उदाहरण पाहून त्यांनीं सूर्यनमस्कार घालण्यास प्रारंभ केला. नमस्कार ही कांहीं त्यांनीं शोधून काढलेली वस्तु नव्हे. रामदासस्वामी रोज बाराशें नमस्कार घालीत अशी परंपरा सांगते, आणि व्रत किंवा नवस म्हणून नमस्कार घालण्याची चाल घरोघर होती. बाळासाहेबांनीं केलें तें इतकेंच कीं, देवघरांतली ही उपासना शरीरशास्त्राच्या नजरेनें पाहिली, तिचीं दहा आसनें पक्कीं केलीं, श्वास केव्हां घ्यावा आणि केव्हां सोडावा याचा नियम बसविला, मंत्रोच्चाराची सांगड तशीच ठेविली, आणि ती एका दिवसाचें व्रत न राहतां रोजचा व्यायाम व्हावी असा आग्रह धरला.

येथें एका तारखेकडे लक्ष दिलें पाहिजे. नमस्कारांना आरंभ झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १९०९ सालीं, बाळासाहेब गादीवर आले. ज्या वळणावर सामान्य माणूस ‘आतां वेळ मिळत नाहीं’ म्हणून व्यायाम सोडतो, नेमक्या त्याच वळणावर त्यांचा नवा व्यायाम सुरू झाला. निरनिराळ्या तालुक्यांत विखुरलेलें संस्थान, न्यायनिवाडे, शाळा, आणि घरांत लहान मुलें. पुढें परराष्ट्र खात्यांत नांव मिळविणारे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत १९१२ सालीं जन्मले, तेव्हां बाळासाहेब चव्वेचाळिशीला टेकले होते. अशा दिवसांत जो व्यायाम टिकला, तो टिकण्याजोगाच असला पाहिजे.

तो टिकला याचीं कारणें त्याच्या घडणींतच आहेत. नमस्काराला एका सतरंजीइतकी जागा पुरते. साधन कांहीं लागत नाहीं, जोडीदारहि लागत नाहीं. पुढें वांकणें, एक पाय मागें नेणें, सारें अंग हातांवर तोलणें, छाती आणि कपाळ जमिनीला टेकणें, मान आणि छाती उचलून पाठीला उलटी कमान देणें, कंबर उंच करणें आणि पुनः उभें राहणें, या एका फेरींत पाठीचा कणा दोन्ही बाजूंस वांकतो. खांदे, पोट आणि मांड्या यांना काम मिळतें, म्हणजे खुर्चींत बसणाऱ्याचे जे अवयव दिवसभर निजलेले असतात तेच जागे होतात. आज पांच घातले, महिन्यानें दहा झाले, अशी वाढ आपल्या बेतानें करतां येते. राजवाड्यांत आखाडा बांधणें राजाला कांहीं जड नव्हतें. परंतु त्यानें निवड केली ती कारकुनालाहि परवडेल अशा व्यायामाची.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. औंधाच्या वाड्यांत नमस्कार एकटे राजेसाहेब घालीत नसत. राणीसाहेब घालीत, मुलेंहि घालीत. बापाचा व्यायाम आणि मुलांचा व्यायाम असे दोन विभाग तेथें उरले नाहींत. पुढें संस्थानच्या शाळांतून मुलांमुलींना नमस्कार सक्तीचे झाले. १९२८ सालीं राजेसाहेबांचें इंग्रजी पुस्तक निघालें. १९३८ सालीं लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनीं संपादिलेलें त्यांचें दहा आसनांचें पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें, आणि तेथील घरसंसार सांभाळणाऱ्या स्त्रियाहि त्याचे वाचक व्हावे अशी त्याची मांडणी होती. सक्तीविषयीं मतभेद होऊं शकतो, कारण शाळेंत घंटेबरोबर जो व्यायाम सुरू होतो तो पुष्कळदां शेवटच्या घंटेबरोबर संपतो. घरांत मात्र मूल जें रोज डोळ्यांनीं पाहतें तें त्याच्या अंगांत मुरतें. अप्पासाहेबांनीं पुढें स्वतः सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलें. राजेसाहेब १९५१ सालीं वारले, तेव्हां त्यांनीं ब्याऐंशी वर्षें पुरीं केलीं होतीं.

तिसरें उत्तर खेळाचें आहे. खेळ हा मुलांचा आणि बघणें हें बापाचें, ही समजूत प्रो. दिनकर बळवंत देवधर यांनीं खोटी पाडली. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृत शिकविणारे हे प्राध्यापक १८९२ सालचे. रणजी करंडक महाराष्ट्रानें १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ जिंकला, तेव्हां संघाचे नायक देवधर होते, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतां त्यांनीं मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. १९४४ सालीं नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकें झळकलीं, तेव्हां वय होतें बावन्न! क्रिकेटच्या मैदानावर त्या वयांत मुलाच्या वयाच्या गोलंदाजाला तोंड द्यावयाचें तर रोजची मेहनत हवी, आणि आपल्याहून धाकट्यांत मिसळण्याची तयारीहि हवी. प्रौढ माणसाला खेळापासून दूर ठेवणारी वस्तु बहुधा गुडघेदुखी नसते, ‘लोक हंसतील’ ही धास्ती असते. १९९३ सालीं देवधर गेले तेव्हां त्यांच्या आयुष्याचीं एकशें एक वर्षें पूर्ण झालीं होतीं.

देवधरांच्या घरांत खेळाचें वारें मुलींनाहि लागलें. तारा, सुमन आणि सुंदर या भगिनींनीं १९४० नंतरच्या दशकांत बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजविल्या. ज्या खेळाचे आरंभीचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्यांतल्या इंग्रज छावणींत बांधले गेले, त्यांत पुण्याच्याच मराठी मुलींनीं नांव काढावें, हा योगायोग गोड आहे.

परंतु मुलीपर्यंत आलेला खेळ घरांतल्या आईपर्यंत पोंचला का? या इतिहासांतलें दुखरें स्थान हेंच आहे. पूर्वीं पहाटे जातें फिरत असे, विहिरीचें पाणी खांद्या-कमरेवरून येत असे. पिठाची गिरणी आली, नळ आला, आणि बाईच्या अंगाचे ते कष्ट सरले. कष्टांबरोबर अंगाची हालचालहि गेली. पण वांचलेला वेळ मात्र तिच्या हातीं लागला नाहीं. तो डबे, मुलांचा अभ्यास, आजाऱ्यांची सेवा आणि पुढें नोकरी यांनीं भरून गेला. औंधच्या राणीसाहेबांना चूल पेटवावी लागत नव्हती. सामान्य घरांत सकाळचा अर्धा तास पुरुषाला मिळतो तो पुष्कळदां बाईच्या अर्ध्या तासांतून काढलेला असतो. म्हणून घरांतील व्यायामाचा प्रश्न हा मुळांत घरांतील वेळेच्या वांटणीचा प्रश्न आहे.

औंधची ही परंपरा पुढें उत्तरेकडेहि सरकली. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे १९१८ सालीं, पन्नाशी उलटल्यावर, औंधास येऊन राहिले होते. वेदांच्या प्रकाशनाबरोबर आसनांवरहि त्यांनीं विपुल लिहिलें. १९४८ सालीं त्यांनीं आपला स्वाध्याय मंडळ गुजराथेंतील पारडीस नेला, आणि तेथेंच वयाची शंभरी पार करून १९६८ सालीं त्यांनीं देह ठेविला. मुंबईहून पारडीस जाणारी आगगाडी डहाणू आणि घोलवड या स्थानकांवरून जाते. या दोहोंच्या मध्यें समुद्रकांठीं चिखले हें गांव आहे. चिकूच्या वाड्या आणि खारा वारा यांनीं हा सारा टापू ओळखला जातो. या बाजूला जुना प्रश्न नव्या रूपानें पाहावयास मिळतो. वाडींत राबणाऱ्या आणि जाळें ओढणाऱ्या माणसाच्या अंगाला आजहि विसाव्याचीच गरज अधिक. परंतु एप्रिल २०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊं लागली, आणि चर्चगेटपासून सुमारें १२४ किलोमीटरांवरचा हा टापू नोकरदारांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या कक्षेंत आला. जाण्याचे दोन-अडीच तास आणि येण्याचे तितकेच. मधला सारा वेळ खुर्ची. घरीं मूल वाट पाहत असतें. अशा आईबापांना समुद्र हांकेवर असूनहि त्यावर पाऊल टाकण्यास रविवार उजाडावा लागतो.

त्यांना धीर देणारी एक गोष्ट आजच्या वैद्यकशास्त्रानें सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं जें प्रमाण ठरविलें तें आठवड्यास दीडशें ते तीनशें मिनिटें मध्यम श्रमांचें, आणि त्याखेरीज निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामाचें आहे. दीडशें मिनिटें म्हणजे रोजचीं वीस-बावीस मिनिटें. थोडी हालचालहि अजिबात न करण्यापेक्षां हितकर, असेंहि तेथें स्पष्ट म्हटलें आहे. चाळिशीपुढें स्नायू झिजूं लागतात ही गोष्ट खरी; पण त्यांना काम दिलें तर ते त्या वयांतहि बळावतात, हीहि तितकीच खरी. ज्याचा व्यायाम वीस वर्षें सुटला आहे त्यानें किंवा ज्याला हृदयाचा, रक्तदाबाचा विकार आहे त्यानें वैद्याचा सल्ला घेऊन सावकाश आरंभ करावा, एवढेंच पथ्य.

कर्व्यांनीं व्यायाम कामांत मिसळला, पंतप्रतिनिधींनीं तो घरांत आणला, देवधरांनीं तो खेळ म्हणून हातचा सोडला नाहीं. तिघांच्या वाटा निराळ्या. तरी तिघांनींहि रिकाम्या वेळेची वाट पाहिली नाहीं. प्रपंचांत रिकामा वेळ असा नसतोच. जो असतो तो कोणाकडून तरी मागून किंवा कोणाला तरी देऊन मिळतो. बापानें सकाळचा चहा केला आणि आईनें अंगणांत दहा नमस्कार घातले, किंवा संध्याकाळीं मुलाच्या हातांतली दुसरी रॅकेट आईनें घेतली, तर त्या घरांत व्यायामाचा उपदेश करण्याची गरज उरत नाहीं. मुलें आईबापांचें बोलणें पुष्कळदां विसरतात. त्यांचें उठणें-बसणें मात्र जन्मभर अंगावर वागवितात.